परवाना धन्याच्या नावाचा

वाराणसीत दशाश्वमेधावरून काठाकाठाने दक्षिणेकडे निघालं की शीतला घाटानंतर अहिल्याबाईंचा घाट येतो आणि त्याला लागूनच मुन्शी घाट. हा घाट बांधणारे श्रीधर नारायण मुन्शी नागपूर संस्थानात मंत्री होते. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी लगतचा भाग विकत घेतला, तो दरभंगा घाट झाला. वरच्या दगडी महालात आता महागडं हॉटेल चालतं. नावेतून जाणारे प्रवासी त्या महालाचे फोटो काढतात आणि नागपूरचा कारभारी बाजूला राहतो. आपल्याला मात्र नागपूरच हवं आहे. परक्या मुलखात राहून मालक बदलायचा असेल तर कोणाची परवानगी लागते, या प्रश्नाचं एक जुनं, स्वच्छ लिहिलेलं उत्तर नागपूरच्या दरबाराने सही करून मान्य केलं होतं.

साल १८०३. सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, नोव्हेंबरात आडगावला, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या वतीने देवगावचा तह झाला. इतिहासाची पुस्तकं या तहात कटक गेलं, वऱ्हाड गेलं, एवढं सांगून थांबतात. पण त्यात आणखी एक कलम होतं: इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय किंवा अमेरिकी सत्तेच्या माणसाला भोसल्यांनी चाकरीत घ्यायचं नाही, ठेवायचं नाही, आणि ब्रिटिश प्रजाजनाला, मग तो गोरा असो वा हिंदी, इंग्रज सरकारच्या संमतीशिवाय नोकरी द्यायची नाही. महिनाअखेरीस सुर्जी-अंजनगावला शिंद्यांकडूनही हेच लिहून घेतलं गेलं.

मुलूख जिंकल्यावर नोकरभरतीची काळजी कशासाठी? कारण ज्या फौजांशी इंग्रज नुकतेच लढले होते, त्या बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्या कुशल माणसांनी घडवल्या होत्या. बेन्वा द बॉयन हा सॅव्हॉयचा माणूस. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होता, ती नोकरी त्याने सोडली आणि १७८४ मध्ये महादजी शिंद्यांकडे आला. तोफा ओतणं, कवायती पलटणी उभ्या करणं, पगार वेळेवर वाटणं, ही त्याची विद्या. त्याच्यानंतर पेराँ आला. अशा माणसांचा हिंदुस्थानात तेव्हा खुला बाजार होता. निजाम, होळकर, शिंदे, कंपनी, जो जास्त देईल त्याच्याकडे जावं. परवान्याचा प्रश्नच नव्हता, होता तो फक्त भरवशाचा.

जेम्स स्किनरची गोष्ट तर आजच्या कोणत्याही कन्सल्टन्सीतल्या माणसाला ओळखीची वाटेल. बाप स्कॉट, आई राजपूत. कंपनीने १७९० च्या दशकात मिश्र वंशाच्या माणसांना आपल्या वरच्या नोकऱ्यांची दारं बंद केली होती, म्हणून तो शिंद्यांच्या कवायती फौजेत शिरला. १८०३ च्या ऑगस्टात युद्ध तोंडावर आलं, तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीर केलं की मराठ्यांच्या चाकरीत असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांनी ती सोडून यावं, त्यांच्या पोटापाण्याची सोय कंपनी करील. पेराँचा अशा सगळ्यांवरचा विश्वास उडाला आणि त्याने त्यांना काढून टाकलं, त्यात स्किनरही. मग तो कंपनीचा सेनापती लेक याच्याकडे गेला, पण शिंद्यांविरुद्ध लढणार नाही अशी अट घालून. जुन्या मालकाच्या विरोधात काम न करण्याची ही अट आज करारपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते; फरक इतकाच, की आता ती मालक घालतो. होळकरांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांना तेवढीही उसंत मिळाली नाही. स्वदेशीयांशी लढायला नकार देणाऱ्या व्हिकर्स, डॉड आणि रायन या तिघांची डोकी यशवंतरावांनी १८०४ मध्ये उडवली.

त्याच काळात खुद्द कंपनीच्या मुलखात राहायला इंग्रज माणसालाही कंपनीचा परवाना लागे. विल्यम केरी १७९३ मध्ये मिशनरी म्हणून बंगालात उतरला तो परवान्याशिवाय. कंपनीला मिशनरी नको होते. पुढच्या वर्षी त्याला मदनाबाटीच्या नीळ कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी मिळाली आणि राहणं कायदेशीर झालं. धर्मप्रचारासाठी आलेला माणूस कागदोपत्री निळीचा व्यवस्थापक. कारखाना बुडीत निघाला तसा पायाखालचा आधारच सरकला. त्यातच इंग्लंडहून आलेल्या नव्या सहकाऱ्यांना कंपनीने राहू द्यायचं नाकारलं. तेव्हा १८०० च्या जानेवारीत तो हुगळीच्या काठावर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला जाऊन राहिला. मराठी वाचकाचं या माणसाशी एक देणंघेणं आहे. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवू लागला. १८०५ चं त्याचं मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश तयार झाला तो वैजनाथशास्त्री कानफाडे या नागपूरकडच्या पंडिताच्या मदतीने.

गंमत अशी, की त्या जगात मराठी शास्त्र्याला असल्या कुठल्या परवान्याची गरज नव्हती. बापूदेव शास्त्री मूळचे महाराष्ट्रातले. गणित शिकले नागपुरात, भोसल्यांच्या राज्यात. तिथून लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना भोपाळ संस्थानातल्या सीहोरच्या संस्कृत पाठशाळेत आणलं. विल्किन्सन १८४१ मध्ये वारला आणि १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक म्हणून रुजू झाले. हे कॉलेज जोनाथन डंकनने १७९१ मध्ये काढलेलं, म्हणजे कंपनीचं. तीन राज्यं ओलांडली, आश्रयदाता गेला, नवा मिळाला. पुढे १८७८ मध्ये सीआयई किताबही मिळाला. आज प्रायोजक कंपनी बंद पडली की माणसाच्या मागे साठ दिवसांचं घड्याळ लागतं. बापूदेवांना तसलं घड्याळ ठाऊक नव्हतं.

आता आजच्या कागदांकडे वळू. सगळ्या गुंत्याचं मूळ एकच आहे: कौशल्य माणसाचं असतं, पण परवाना मागतो मालक. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचा अर्ज नोकरदार करत नाही, कंपनी करते. सरकार मंजुरी देतं ती कंपनीला, अमुक माणूस अमुक पगारावर अमुक ठिकाणी अमुक काम करील म्हणून. पासपोर्टवरचा शिक्का हा देशात शिरण्याचा कागद. काम करण्याचा हक्क त्या मंजुरीतून येतो. म्हणूनच शिक्क्यावर दोन वर्षं शिल्लक असली तरी नोकरी गेल्यावर त्यांच्या जोरावर राहता येत नाही. आपल्याकडची मंडळी या एका गोष्टीत नेहमी फसतात.

एच-१बी १९९० च्या कायद्याने आजच्या रूपात आला. पहिली दहा वर्षं नोकरी बदलणं जिकिरीचं होतं: नव्या कंपनीने अर्ज करायचा, तो मंजूर होईपर्यंत महिनोन्महिने थांबायचं, आणि तोवर जुनी कंपनी खुशीत असली पाहिजे. ज्या मालकाला माणूस सोडून जाऊ शकत नाही हे माहीत असतं, तो पगारवाढीबाबत घाई करत नाही. ऑक्टोबर २००० मध्ये क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने हे बदललं. तेव्हापासून नव्या कंपनीचा अर्ज सरकारदरबारी दाखल झाला की नव्या जागी काम सुरू करता येतं. मंजुरीची वाट पाहायची गरज नाही. अटी तीन. माणूस देशात रीतसर आलेला हवा, मुक्कामाची मुदत संपण्याआधी अर्ज दाखल झालेला हवा, आणि मधल्या काळात त्याने विनापरवाना काम केलेलं नसावं. वार्षिक कोट्यात एकदा मोजला गेलेला माणूस पुन्हा सोडतीत जात नाही. फक्त विद्यापीठात किंवा ना-नफा संशोधन संस्थेत, म्हणजे कोट्याबाहेर, काम करणारा खासगी कंपनीत जायचं म्हणाला तर त्याला सोडत चुकत नाही. पुण्याच्या किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेतून तिकडे पोस्टडॉकला गेलेल्या अनेकांना हे अगदी शेवटी, ऑफर लेटर हातात आल्यावर कळतं.

अर्ज दाखल करून लगेच रुजू होण्याची ही सोय मोठी आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. समजा हिंजवडीतून डॅलसला गेलेला एक मुलगा पहिल्या कंपनीतून दुसरीत गेला. दुसरीचा अर्ज अजून मंजूर नाही, तोच तिसरी ऑफर आली आणि तिसरीनेही अर्ज टाकला. दरम्यान पहिल्या मंजुरीची मुदत संपली. आता दुसरीचा अर्ज फेटाळला गेला, तर तिसरीच्या अर्जाखाली आधारच उरत नाही. वकील याला ब्रिज म्हणतात. त्यामुळे मुदत संपत आलेली असेल तर जास्तीचं शुल्क भरून आधीच्या अर्जाचा निकाल लवकर लावून घ्यावा आणि मगच पुढची उडी घ्यावी. शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्याही जपून ठेवाव्यात. नव्या अर्जाला त्या लागतात, आणि नोकरी गेल्यावर जुन्या कंपनीचं पोर्टल बंद होतं.

नोकरी गेली तर? जानेवारी २०१७ च्या नियमाने साठ दिवसांची सवलत दिली: नोकरी संपल्यापासून साठ दिवस, किंवा मुक्कामाची मुदत, यांतलं जे आधी संपेल ते. शनिवार-रविवार त्यातच. या काळात कोणी नवा मालक अर्ज करील तर राहता येतं, नाहीतर दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो किंवा सामान आवरावं लागतं. २०२२ च्या अखेरीस मोठ्या टेक कंपन्यांत कपात सुरू झाली तेव्हा मुलांच्या शाळा, घराचं कर्ज, गाडीची विक्री हे सगळं साठ दिवसांत बसवायची वेळ असंख्य घरांवर आली. कंपनीने दोन-तीन महिन्यांचा पगार हातावर ठेवला म्हणून हे दिवस वाढत नाहीत. मोजणी नोकरी संपल्याच्या तारखेपासून होते. माणसाच्या कामाशी कंपनीचे काही हिशेबही कायद्याने बांधलेले आहेत, पण ते फार थोड्यांना माहीत असतात. मुदतीआधी कंपनीने काढलं तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च तिने द्यायचा असतो. प्रकल्प नाही म्हणून बिनपगारी बसवून ठेवता येत नाही. आणि लवकर सोडून गेल्याबद्दल दंड उकळता येत नाही, जरी करारात तसं लिहून घेणाऱ्या कन्सल्टन्सी आजही आहेत आणि त्यांचे पुण्यातले एजंट ते कलम दाखवून धमकावतात. राज्याच्या कायद्यानुसार खऱ्या नुकसानभरपाईचं कलम चालू शकतं, म्हणून असला कागद आला की घाबरून पैसे भरण्याआधी तिथल्या वकिलाला दाखवावा.

पण मराठी घरांत खरी चर्चा चालते ती ग्रीन कार्डाची. एच-१बी सर्वसाधारणपणे सहा वर्षांचा. नोकरीच्या आधारावर दरवर्षी साधारण १,४०,००० कायमचे व्हिसा निघतात आणि कोणत्याही एका देशाला त्यातले सात टक्क्यांच्या वर नाहीत. माल्टालाही सात टक्के, भारतालाही सात टक्के. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून मागे गेली आहे. या रांगेतली जागा ठरते ती प्रायॉरिटी डेटवरून, म्हणजे कंपनीने कामगार खात्याकडे पहिला अर्ज टाकला ती तारीख. पुढची पायरी आय-१४०, म्हणजे कायमच्या व्हिसासाठी कंपनीचा अर्ज. तो मंजूर झाला की सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते.

इथेच नोकरी बदलण्याचं गणित उलटतं. आय-१४० मंजूर होण्याआधी कंपनी सोडली तर रांगेतली जागा गेली. मंजूर झाल्यावर सोडली तर नव्या कंपनीला सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, पण जुनी तारीख तुमच्या नावावर राहते. पूर्वी जुनी कंपनी रागाने आय-१४० मागे घेई. २०१७ च्या नियमानंतर मंजुरीला १८० दिवस झाले असतील, तर तिने मागे घेतल्यानेही तुमची मुदतवाढीची पात्रता जात नाही. म्हणून ज्यांना हे माहीत आहे ते मंजुरीनंतर सहा महिने दात-ओठ खात थांबतात आणि मगच राजीनामा देतात. वरिष्ठांना हे ठाऊक असतं, सहकाऱ्यांना ठाऊक असतं, आणि ‘कामात लक्ष नाही’ असे शेरे त्या सहा महिन्यांत वाढतात. पुढे शेवटचा अर्ज, आय-४८५, दाखल होऊन १८० दिवस लोटले की त्याच किंवा मिळत्याजुळत्या कामाच्या नोकरीत प्रक्रिया पुन्हा न करता जाता येतं. पण रांग जिथे अडकली आहे, तिथे तो दिवस बघायला केसांची चांदी व्हावी लागते. घरच्या माणसाचं कामही याच कागदाशी जोडलेलं असतं. मे २०१५ पासून एच-४ वरच्या पती किंवा पत्नीला काम करता येतं, ते जोडीदाराचा आय-१४० मंजूर असेल किंवा त्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असेल तरच. म्हणजे एकाचा राजीनामा चुकीच्या महिन्यात पडला तर दुसऱ्याची नोकरी अडते. या हिशेबात पगार तिसऱ्या क्रमांकावर येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली तेव्हा तिकडच्या अनेकांनी सुट्टीची विमानं रद्द केली. पुढच्याच महिन्यात सरकारने खुलासा केला की देशातच राहून मुदतवाढ घेणाऱ्यांना ते लागू नाही. तेवढ्या काही आठवड्यांत किती लग्नं आणि किती वर्षश्राद्धं मोबाइलवर पाहिली गेली, ते तिकडच्या घरांत विचारा.

ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा १ डिसेंबर २०२० ला सुरू झाला आणि तिथला नियम अमेरिकेच्या उलट आहे. नव्या मालकाकडून प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र घ्यायचं, नवा अर्ज करायचा, आणि मंजुरी येईपर्यंत नव्या जागी पाऊल ठेवायचं नाही. जुन्या जागी काम चालू ठेवता येतं. त्यामुळे आधी राजीनामा आणि मग अर्ज, हा आपल्याकडचा क्रम तिथे अंगाशी येतो. नव्या कामाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेवढी मुदत पुरेशी आहे. अडचण येते ती वृद्धसेवेच्या क्षेत्रात. तिथे अनेक छोट्या संस्थांचे प्रायोजक परवाने सरकारने रद्द केले. एजंटला लाखो रुपये मोजून गेलेल्या परिचारिका आणि काळजीवाहू स्त्रिया एका पत्राने साठ दिवसांच्या मुदतीवर आल्या. चूक संस्थेची, मुदत मात्र कर्मचाऱ्याची. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या अशा संस्थांनी बाहेरून माणसं आणण्याआधी तिथल्याच विस्थापित काळजीवाहूंना घेण्याचा प्रयत्न करावा, असा नियम झाला. जुलैत बाहेरून नवी भरतीच बंद झाली.

जर्मनीकडे महाराष्ट्राचं लक्ष हल्ली वळलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पदवीधरांच्या ब्लू कार्डावर आता नोव्हेंबर २०२३ पासून पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचं. ते तीस दिवस थांबवू शकतं, कारण असेल तर नाकारू शकतं. वर्षानंतर नाही. पूर्वी ही परवानगीची अट दोन वर्षांची होती. करारातून जाणारे परिचारक, वीजतंत्री, प्लंबर मात्र बहुतेक वेगळ्या परवान्यावर असतात, त्यामुळे ब्लू कार्डाची ही मोकळीक त्यांनी आपली समजू नये.

उरलं आखात. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतून, तसंच वाराणसीच्या आसपासच्या आझमगढ, मऊ, गाझीपूर भागांतून आखातात जाणाऱ्यांची ये-जा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. २०२२ मध्ये परदेशी जाणाऱ्या कारागिरांसाठी स्किल इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्याचं जाहीर झालं तेही वाराणसीतच. आखाताचे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत: कफील, इकामा, एनओसी. कफील म्हणजे तिथला हमीदार मालक, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र. त्याच्या एनओसीशिवाय दुसरीकडे जाणं नसे आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या परवानगीशिवाय देश सोडणंही नसे. पासपोर्ट त्याच्या कपाटात. आणि कामगार निघून गेलाच तर मालक ‘हुरूब’ नोंदवतो, म्हणजे पळून गेल्याची तक्रार. त्यानंतर तो माणूस रस्त्यावर दिसला तरी अटकेला पात्र.

बऱ्याच ठिकाणी हे ढिलं व्हायला २०२० साल उजाडावं लागलं. कतारने सप्टेंबर २०२० मध्ये एनओसी रद्द केली. फुटबॉल विश्वचषकाच्या बांधकामावरून जगभर झालेली टीका त्यामागे होती, यात मला शंका नाही. ओमानने १ जानेवारी २०२१ पासून तीच वाट धरली. सौदी अरेबियात १४ मार्च २०२१ पासून एक वर्षाच्या नोकरीनंतर मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे जाता येतं. अर्ज सरकारी पोर्टलवर होतो. कंपनीत वेल्डर, फोरमन, लेखापाल असलेल्यांना याचा फायदा झाला. पण सौदीच्या त्या सुधारणेने घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना बाहेर ठेवलं.